जास्त चुकांचा वॉर्ड

अमेरिकेतलं बॉस्टन शहर. १९९०च्या दशकाची सुरुवात. तिथल्या परिसरातल्या दोन रुग्णालयांत डॉक्टरांचं आणि अनुभवी परिचारिकांचं एक पथक औषध देताना होणाऱ्या चुका शोधत आणि मोजत होतं. कुणाला दुप्पट डोस गेला, कुणाला वेळ टळून गेल्यावर इंजेक्शन मिळालं, कुणाला सोसत नाही म्हणून केसपेपरवर लिहिलेलं औषधच दिलं गेलं. पथकातल्या परिचारिका वॉर्डावॉर्डांत जात, कागद चाळत, ड्यूटीवरच्या सिस्टरांशी बोलत आणि सापडेल ती चूक टिपून घेत. असं सहा महिने चाललं.

या पथकात एमी एडमंडसन नावाची एक विद्यार्थिनी होती. हार्वर्ड विद्यापीठात पीएच.डी. करत होती. ती डॉक्टरही नव्हती आणि नर्सही नव्हती. शिक्षण इंजिनिअरिंगचं, आणि बकमिन्स्टर फुलर या नामवंत रचनाकाराजवळ काही वर्षं काम केलेलं. पुढं तिला माणसांच्या एकत्र कामाचं कोडं पडलं आणि ती मानसशास्त्राकडं वळली. रिचर्ड हॅकमन हे तिचे एक गुरू. विमानाच्या कॉकपिटमध्ये बसणाऱ्या माणसांचं आपसात कसं जमतं, याचा त्यांनी वर्षानुवर्षं अभ्यास केला होता.

एमीच्या वाट्याला आलेला प्रश्न सरळ होता. ज्या वॉर्डात माणसांचं एकमेकांशी चांगलं जमतं, तिथं चुका कमी होतात का? उत्तर कुणीही न विचारता सांगेल असं होतं. एमीलाही ते ठाऊक असल्यासारखंच वाटत होतं. फक्त आकड्यांनी सिद्ध करायचं बाकी होतं. तिनं वॉर्डातल्या लोकांना एक प्रश्नावली भरायला दिली. तुमच्या वॉर्डात कामाची वाटणी नीट आहे का, प्रमुख कशी वागते, चूक झाली तर ती तुमच्या नावावर कायमची चिकटते का, असे प्रश्न. सहा महिन्यांनी चुकांची मोजणी हाती आली. तिनं दोन्ही आकडे संगणकात भरले आणि एकमेकांशी ताडून पाहिले.

संबंध होता आणि चांगला ठळक होता. पण तो उलटा होता. जिथं माणसांचं उत्तम जमत होतं, प्रमुखावर विश्वास होता, एकमेकांचा आधार होता, त्याच वॉर्डांत चुका जास्त निघाल्या होत्या. आणि जिथं एकमेकांशी धड बोलणं नव्हतं, तिथलं रेकॉर्ड जवळजवळ स्वच्छ.

पीएच.डी.च्या विद्यार्थिनीवर अशा वेळी काय गुदरत असेल, याची कल्पना करता येते. गृहीतक चुकलं, तर प्रबंधाचं काय? दुसऱ्या कुणी आकडे बाजूला सारले असते, किंवा ‘जास्त मैत्री झाली की कामात ढिलाई येते’ असा सोयीचा निष्कर्ष काढून टाकला असता. कित्येक वरिष्ठांना तो आवडलाही असता. एमीनं तसं केलं नाही. ती त्या उलट्या आकड्यापाशी थांबली. हे थांबणं मला या सगळ्या कथेतलं मोठं काम वाटतं.

तिनं स्वतःला विचारलं, आपण नेमकं मोजलं काय? झालेल्या चुका, की दिसलेल्या चुका? शोधणाऱ्या परिचारिकेला चूक सापडायची ती बरीचशी वॉर्डातल्या कुणीतरी सांगितल्यावर. सांगणारंच कुणी नसेल, तर वहीचं पान कोरं. ज्या घरात थर्मामीटर नाही त्या घरात कुणाला ताप नसतो, तसं हे.

पण ही झाली शंका. ती तपासायची कशी? एमीनं एक सहायक नेमला आणि त्याला वॉर्डांत पाठवलं. कुठल्या वॉर्डात किती चुका सापडल्या, हे त्याला सांगितलं नाही. तिच्या मनात काय आहे, तेही सांगितलं नाही. तू फक्त जा, बघ, लोकांशी बोल, आणि तिथं राहणं कसं वाटतं ते मला सांग, एवढंच त्याचं काम. त्यानं आठ वॉर्ड पाहिले.

एका वॉर्डात त्याला जी इन्चार्ज सिस्टर भेटली, तिच्या अंगात इतर सिस्टरांसारखेच वॉर्डातले कपडे होते. ती खाटांमधून फिरत होती, हात लावून काम करत होती. तिचं म्हणणं असं की एवढ्या औषधांच्या व्यापात काही चुका होणारच. शिक्षेची भीती घातली तर त्या थांबत नाहीत, फक्त कळेनाशा होतात. तिच्या हाताखालच्या परिचारिका चूक झाली की आपण होऊन येऊन सांगत. नव्या पोरीही सांगत.

दुसऱ्या एका वॉर्डाची प्रमुख कडक इस्त्रीच्या सूटमध्ये असायची. चूक झालेल्या परिचारिकेला ती केबिनमध्ये बोलावून घेई आणि दार लावून झाडाझडती घेई. तिथल्या परिचारिकांनी सहायकाला सांगितलं की इथं चूक झाली की खटल्याला उभं केल्यासारखं वाटतं. त्या वॉर्डात चुका सांगितल्या जात नसत. डॉक्टरांपुढंही कुणी तोंड उघडत नसे.

सहायकानं परत येऊन आठही वॉर्ड लावून दिले. सगळ्यात मोकळा कुठला, त्याखालोखाल कुठला, आणि सगळ्यात मिटलेला कुठला. एमीनं त्याची यादी घेतली आणि चुकांच्या आकड्यांशेजारी ठेवली. दोन्ही क्रम जवळजवळ एकच होते. सगळ्यात मोकळ्या वॉर्डात सगळ्यात जास्त चुका ‘सापडल्या’ होत्या. सूटवाल्या प्रमुखाच्या वॉर्डात खरोखर किती चुका होत होत्या, हे त्या प्रमुखालाही माहीत नव्हतं, आणि ते कधीच कळणार नव्हतं.

हा अभ्यास १९९६ साली छापून आला. १९९९ साली एडमंडसन यांनी या मोकळेपणाला ‘मानसिक सुरक्षितता’ म्हणत त्यावर दुसरा निबंध लिहिला. पुढं जगभरच्या कंपन्यांनी तो शब्द उचलला. त्याच १९९९च्या नोव्हेंबरात अमेरिकेच्या इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिननं अहवाल काढला की तिथल्या रुग्णालयांत टाळता येण्याजोग्या चुकांमुळं वर्षाला ४४,००० ते ९८,००० माणसं मरत असावीत. देश हादरला. पण ज्या वॉर्डांचं रेकॉर्ड स्वच्छ होतं, त्या वॉर्डांतली माणसंही या आकड्यात होती.

कुणी म्हणेल, न बोलणं हा त्या परिचारिकांचा दुबळेपणा. म्हणून तीस वर्षं मागं जाऊन एक जुना प्रयोग सांगतो. १९६६ साली चार्ल्स हॉफलिंग या अमेरिकी मानसोपचारतज्ज्ञानं तो प्रसिद्ध केला. रुग्णालयात ड्यूटीवर एकट्या असलेल्या परिचारिकेला फोन येई. पलीकडचा माणूस आपण डॉक्टर असल्याचं सांगे. तिनं त्याला कधी पाहिलेलं नसे. तो म्हणे, अमुक रुग्णाला अ‍ॅस्ट्रोटेन वीस मिलिग्रॅम द्या, सही मी आल्यावर करतो. बाटलीवर छापलेलं असे की दिवसाला दहा मिलिग्रॅमच्या वर देऊ नये. औषध अर्थात खोटं होतं आणि आत निरुपद्रवी पूड होती. बावीस परिचारिकांपैकी एकवीस जणी डोस घेऊन खाटेकडं निघाल्या. त्यांना वाटेत थांबवण्यात आलं. आणि वेगळ्या गटातल्या परिचारिकांना ‘अशा वेळी तुम्ही काय कराल’ एवढंच तोंडी विचारलं, तेव्हा बारांपैकी दहा जणींनी ठामपणे सांगितलं, आम्ही देणार नाही.

त्या दहा जणी खोटं बोलत नव्हत्या. खुर्चीत बसून आपण कसे वागू हे सांगणं एक, आणि कानाशी डॉक्टरचा आवाज असताना ‘नाही’ म्हणणं वेगळं. नियम त्या एकवीस जणींनाही पाठ होता. १९७७ साली दुसऱ्या संशोधकांनी असाच प्रयोग केला. या वेळी औषध परिचारिकांच्या ओळखीचं होतं आणि त्यांना एकमेकींशी बोलायची मुभा होती. बहुतेक जणींनी तो डोस दिला नाही. शेजारी विचारायला कुणी असलं, की माणसाच्या अंगी बळ येतं.

आता कथेचा दुसरा भाग. तो मला पहिल्यापेक्षाही जवळचा वाटतो, कारण त्यात वरचा माणूस बदलतो.

हृदयाची बायपास शस्त्रक्रिया वर्षानुवर्षं एका ठरलेल्या पद्धतीनं होत आली. छातीचं मधलं हाड करवतीनं कापायचं, छाती उघडायची, हृदय डोळ्यांसमोर. महाधमनीला चिमटा लावायचा तोही सर्जनच्या डोळ्यांसमोर. थिएटरमध्ये ज्याला सगळं दिसतं तो सर्जन. बाकीच्यांनी त्याच्या हुकमाची वाट पाहायची. आणि ते बरोबरही होतं, कारण माहिती त्याच्याकडंच होती.

१९९०च्या दशकाच्या उत्तरार्धात एक नवी पद्धत आली. हाड कापायचं नाही. बरगड्यांमध्ये छोटासा छेद घ्यायचा. चिमट्याच्या जागी जांघेतल्या धमनीतून एक नळी वर सरकवत महाधमनीपर्यंत न्यायची आणि तिच्या टोकाचा फुगा फुगवून रक्ताची वाट अडवायची. रुग्णाला वेदना कमी, तो घरी लवकर. पण तो फुगा सर्जनला दिसत नाही. तो बरोबर जागी आहे का, हे भूलतज्ज्ञ इकोच्या पडद्यावर पाहणार. फुग्यातला दाब हार्ट-लंग मशीनवर बसलेला परफ्युजनिस्ट पाहणार. फुगा जागचा हलला तर मेंदूकडं जाणारं रक्त अडू शकतं. म्हणजे ज्याच्या हातात सुरी, त्याला आता दुसऱ्यांच्या डोळ्यांनी पाहावं लागणार, आणि त्यांनी क्षणाचाही संकोच न करता सांगावं लागणार.

एडमंडसन यांनी रिचर्ड बोमर आणि गॅरी पिसानो या सहकाऱ्यांबरोबर ही पद्धत शिकणाऱ्या सोळा रुग्णालयांचा अभ्यास केला. यंत्रं सगळीकडं तीच. सुरुवातीचं तीन दिवसांचं प्रशिक्षणही सगळ्यांना तेच. तरी काही चमू झपाट्यानं शिकले, आणि काही ठिकाणी नवी पद्धत अंगवळणीच पडेना.

संशोधकांनी आधी नेहमीच्या ठिकाणी कारण शोधलं. सर्जनचा अनुभव? त्यानं फरक पडलेला दिसेना. रुग्णालयाचा नावलौकिक? तोही नाही. मोठं विद्यापीठ की गावातलं साधं रुग्णालय? काही संबंध नाही.

एका रुग्णालयाला त्यांनी अभ्यासात चेल्सी असं टोपणनाव दिलं. तिथला सर्जन नामवंत, नवी पद्धत आधीच हाताखालून गेलेली. चमू निवडला गेला तो ज्येष्ठतेनं. सर्जनच्या लेखी ही नवी पद्धत म्हणजे तांत्रिक बाब होती. शिकायचं असलंच तर इतरांनी. दुसऱ्याला टोपणनाव दिलं माउंटन मेडिकल. रुग्णालय लहान, सर्जन तरुण आणि तिथं नवाच. त्यानं माणसं निवडली ती एकमेकांशी जमणारी. पहिल्या शस्त्रक्रियांना तीच माणसं ठेवली, अदलाबदल होऊ दिली नाही. आधी बसून बोलायचं, नंतर बसून बोलायचं. आणि अशा झपाट्यानं शिकणाऱ्या चमूंपैकी एका ठिकाणी सर्जननं चमूला स्पष्ट सांगितलं की मला तुमचं ऐकावं लागणार आहे, कारण माझ्याकडून गोष्टी सुटू शकतात.

सर्जननं सगळ्यांसमोर ‘माझ्याकडून सुटू शकतं’ असं म्हणणं! वैद्यकीत ज्यांची हयात गेली आहे त्यांना विचारा, हे वाक्य त्यांनी किती वेळा ऐकलं. आणि त्या सर्जनला हे सांगावं लागलं, कारण बाकीच्यांना ते आपणहून खरं वाटलं नसतं. पदानं खाली असलेला माणूस वरच्याच्या चेहऱ्याकडं बघून ठरवतो की आता बोलावं की नाही. वरच्यानं दार उघडलं आहे, हे एकदा सांगून पुरत नाही. दर शस्त्रक्रियेला ते परत उघडावं लागतं. मोकळ्या चमूंपैकी एका ठिकाणी कधीतरी बाद झालेल्या एका जुन्या चिमट्याची आठवण एका परिचारिकेला झाली, तिनं ते बोलून दाखवलं, आणि अडलेलं काम त्या चिमट्यानं सुटलं. सर्जनला तो सुचला नव्हता.

लहान रुग्णालयातला नवखा सर्जन पुढं गेला, आणि नामवंताचा चमू मागं रेंगाळला.

मग प्रश्न येतो की हे बोलणं आणि ऐकणं शिकवता येतं का. येतं, आणि त्याची वाट विमानांनी दाखवली. २८ डिसेंबर १९७८ला युनायटेड एअरलाइन्सचं एक विमान अमेरिकेतल्या पोर्टलंडजवळ इंधन संपून कोसळलं. चाकांच्या बिघाडात कॅप्टन इतका गुंतला की इंधनाचं भान राहिलं नाही. शेजारच्यांना ते कळत होतं, त्यांनी सुचवलंही. पण दबक्या आवाजात, अर्धवट. दहा माणसं गेली. त्यानंतर कॉकपिटमध्ये ठासून कसं बोलावं आणि कॅप्टननं कसं ऐकावं, याचा रीतसर सराव सुरू झाला.

रुग्णालयांनी तो उचलला तो संगणकाच्या मदतीनं. संगणकावर चालणारा भूलशास्त्राचा पहिला पुतळा, सिम वन, कॅलिफोर्नियात १९६०च्या दशकातच तयार झाला होता. तो श्वास घेई, पापण्या हलवी, त्याचं हृदय धडधडे, औषध दिलं की तसा प्रतिसाद देई. त्या काळी तो फार महाग पडला आणि मागं पडला. १९८०च्या दशकात स्टॅनफर्डमध्ये डेव्हिड गाबा या भूलतज्ज्ञानं वेगळी कल्पना लढवली. पुतळा एकट्याच्या हातातलं कसब घटवायला वापरायचा तसा वापराच. पण त्याच्याभोवती पूर्ण थिएटर उभं करा, सगळा चमू बोलवा, आणि अचानक संकट आणा. पडद्यावर ऑक्सिजन घसरतोय, गजर वाजतोय, आणि सर्जनची भूमिका करणारा माणूस चुकीचा हुकूम सोडतोय. आता कोण बोलतं ते पाहू.

पहिल्या खेपेला पुष्कळ जण गप्प राहतात. पुतळा आहे हे माहीत असूनही राहतात. मग दिवे लागतात, सगळे गोल बसतात, व्हिडिओ लावतात. तुला दिसलं होतं का? दिसलं होतं. मग काय आड आलं? या बसून बोलण्यात खरं शिक्षण होतं. ते वगळून नुसता पुतळा विकत आणला तर पैसे वाया गेले असं समजावं. २००६ सालापासून अमेरिकेत चमूंसाठी जो सरकारी प्रशिक्षणक्रम चालतो, त्यात बोलायच्या पायऱ्याच घालून दिल्या आहेत. आधी म्हणा, मला काळजी वाटते. ऐकलं नाही तर म्हणा, मला हे बरोबर वाटत नाही. तरी ऐकलं नाही तर म्हणा, यात रुग्णाला धोका आहे. दोनदा सांगून उत्तर आलं नाही, तर वरच्याला बोलावण्याचा अधिकार सगळ्यात धाकट्यालाही आहे.

याचा उपयोग होतो. अमेरिकेतल्या माजी सैनिकांच्या रुग्णालयांनी शस्त्रक्रियेच्या चमूंना असं प्रशिक्षण दिलं. २०१० साली आकडे आले: ज्या ७४ रुग्णालयांत प्रशिक्षण झालं तिथं शस्त्रक्रियेनंतरचे मृत्यू १८ टक्क्यांनी घटले, ज्या ३४ रुग्णालयांत अजून झालं नव्हतं तिथं ७ टक्क्यांनी.

संगणकच सगळ्या चुका पकडेल, असंही अनेकांना वाटतं. काही अंशी तो पकडतो. १९९८ साली बॉस्टनमधल्या एका अभ्यासात डॉक्टरांनी औषधं कागदाऐवजी संगणकावर लिहायला सुरुवात केल्यावर औषधांतल्या गंभीर चुका ५५ टक्क्यांनी कमी झाल्या. पण २००५ साली रॉस कोपेल या समाजशास्त्रज्ञानं दाखवलं की अशाच एका प्रणालीतून चुकांचे बावीस नवे रस्तेही उघडले होते. पडद्यावर चुकीच्या रुग्णाचं नाव उघडं राहिलं, तर ते सांगायला माणूसच लागतो.

आपल्याकडच्या वॉर्डांत सकाळचा राउंड निघतो तेव्हा मोठे सर पुढं, त्यांच्यामागं रजिस्ट्रार, त्यामागं हाउसमन आणि इंटर्न, आणि ट्रे घेतलेली सिस्टर भिंतीशी. रात्रभर रुग्णाजवळ तीच होती. सलाईन किती वेळा थांबलं, लघवी किती झाली, पहाटे तीनला तो काय बरळला, हे तिलाच माहीत असतं. हे वाचणाऱ्यांत कुणी सर असतील, मॅडम असतील, इन्चार्ज सिस्टर असतील, तर त्यांना एक विनंती आहे. उद्याच्या राउंडला प्रत्येक खाटेपाशी त्या सिस्टरकडं वळून विचारा, “माझ्याकडून काही सुटतंय का?” पहिले काही दिवस ती ‘नाही सर’ म्हणेल. तरी विचारत राहा. आणि ज्या दिवशी ती काही सांगेल, त्या दिवशी ते चुकीचं निघालं तरी सगळ्यांसमोर तिचे आभार माना.